शूडू कोणाची?

संगणकावर हुबेहूब माणसें घडविणाऱ्या एकट्यादुकट्या कलावंतांविषयीं हल्लीं दोन मतें कानीं येतात. एक पक्ष म्हणतो, काम यंत्राचें. यांत कला कसली? दुसरा म्हणतो, कलावंत स्वतंत्र आहे, त्यास जाब विचारणारे तुम्ही कोण? आम्हांस दोन्ही मतें सारखींच अमान्य आहेत.

पहिल्या पक्षानें जपानांतील तेरुयुकी व युका इशिकावा या पतिपत्नींचें काम पाहावें. 'साया' नांवाची शाळकरी मुलगी निर्माण करून त्यांनीं 2015 सालीं तिचें चित्र लोकांपुढें ठेविलें. अशा कामांत आधीं बारीक बारीक चौकोनांची पोकळ मूर्ति रचावी लागते. मग त्वचेचे रंग चढवावयाचे, प्रकाश त्वचेंत किंचित शिरून बाहेर कसा फांकतो याचा हिशेब बसवावयाचा, केसांची बट न् बट वळवावयाची. इतकें करूनहि डोळ्यांत जीव उतरेलच असें नाहीं. किंबहुना आकृति माणसाच्या अगदीं जवळ आली कीं एवढीशी उणीवहि प्रेतकळेसारखी भासते. मासाहिरो मोरी या जपानी शास्त्रज्ञानें 1970 सालींच हें सांगून ठेविलें आहे. ती दरी या दांपत्यानें बरीचशी ओलांडली. यास कला म्हणावयाचें नाहीं तर कशास? आणि कर्ते आपण आहोंत हें त्यांनीं लपविलें नाहीं.

आतां दुसरा पक्ष. लंडनचे छायाचित्रकार कॅमेरॉन-जेम्स विल्सन यांनीं 2017 सालीं 'शूडू' ही कृष्णवर्णी सुंदरी संगणकावर घडविली. इन्स्टाग्रामवर तिचीं चित्रें येऊं लागलीं, तेव्हां पुष्कळांस ती हाडामांसाची बाई वाटली. ओठांस फेंटी ब्यूटीचा रंग लावलेलें तिचें चित्र त्या कंपनीनेंच 2018 च्या फेब्रुवारींत पुनः प्रसिद्ध केलें, तेव्हां चहूंकडे चौकशी सुरू झाली व खुलासा झाला. त्याच वर्षीं पॅरिसच्या बाल्मँ या पोशाखांच्या पेढीनें तिला जाहिरातींत उभें केलें.

कोणी म्हणेल, बालगंधर्वांनीं स्त्रीभूमिका केल्याच ना? केल्या, परंतु भामिनीच्या शालूंत नारायणराव राजहंस आहेत, हें पिटांतल्या पोरासहि ठाऊक होतें. येथें ज्या धंद्यांत कृष्णवर्णी मुलींस मुळांतच कामें थोडीं, तेथें एका गोऱ्या पुरुषानें घडविलेली काळी मुलगी जाऊन बसली. तिला भूक नाहीं, थकवा नाहीं, तक्रार नाहीं. हा आक्षेप त्याच वेळीं घेतला गेला. पुढें शूडूस वाचा देण्यासाठीं विल्सन यांनीं अमा बाडू या लेखिकेस सोबतीस घेतलें. हें बरें झालें. पण आक्षेपानंतर झालें.

आमचे रसिक मोजके, त्यांस सर्व ठाऊक असतें, ही सबबहि टिकत नाहीं. मोजक्यांसाठीं काढलेलें चित्र त्यांच्यांतच राहत नाहीं. तें सुटतें, आणि सुटतांना त्याखालचा मजकूर मागें राहतो. म्हणून चिताऱ्याचें नांव, ही आकृति कल्पित असल्याची नोंद, आणि ज्या जिवंत व्यक्तीच्या अंगकाठीचा वा चेहऱ्याचा आधार घेतला तिचें नांव, तिच्या संमतीनें, हीं चित्राच्या अंगावरच असावींत. त्यानें भ्रमाची गोडी जाते म्हणणाऱ्यांनीं गंधर्व कंपनीच्या जुन्या प्रेक्षकांच्या आठवणी वाचाव्यात.