उतारावरची जागा आणि लहान ट्रॅक्टर

घरकुल मंजूर झाले की पहिला आनंद कागदाचा आणि पहिली काळजी जागेची. आपल्या वस्त्या गावाच्या कोणत्या अंगाला आहेत, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. सपाट, काळी, पाण्याजवळची जमीन ज्यांच्या हाती होती त्यांच्याच हाती राहिली. आपल्या वाट्याला आला तो मुरमाड टेकाड, नाल्याचा काठ किंवा घाटाचा उतार. धाराशिव जिल्ह्यात बालाघाटाची रांग आडवीतिडवी पसरली आहे. येडशी, तुळजापूर अशा भागांत एकाच्या अंगणापेक्षा दुसऱ्याचे छप्पर खाली, अशी घरे जागोजाग दिसतात. अशा जागेवर घर बांधायचे तर आधी माती हलवावी लागते. ती कशी हलवावी, एवढाच आजच्या लेखाचा विषय आहे.

१९७२ च्या दुष्काळात आपल्या आधीच्या पिढीने टिकाव, फावडे आणि घमेले घेऊन रस्ते केले, पाझर तलाव बांधले. माती म्हणजे काय, हे त्या माणसांना अंगाने ठाऊक होते. आता ते काम यंत्राकडे गेले, आणि ते चांगलेच झाले. अरुंद बोळात जेसीबी शिरत नाही, पण लहान ट्रॅक्टर शिरतो. आपल्यातल्या काही बचत गटांकडे तो स्वतःचा आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहाय्यता बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची उपसाधने देण्याची योजना राज्य शासनाने २०१२ साली सुरू केली. साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजार रुपये अनुदान आणि उरलेले ३५ हजार गटाचे, असा तिचा हिशोब ठरला. गटातले किमान ८० टक्के सभासद या घटकांतले असावे लागतात. अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्जाआधी जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन विचारावे.

हा ट्रॅक्टर मुळात शेतासाठी आहे. उसाच्या, कापसाच्या ओळींतून जावा म्हणून त्याची चाके जवळजवळ असतात. पंधरा अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन सात-आठशे किलोच्या घरात असते. हलका आणि अरुंद, हाच त्याचा शेतातला गुण आणि हाच त्याचा उतारावरचा दोष. सपाट रानात जो मुलासारखा वागतो, तो उतारावर आडवा घातला की एका खड्ड्याने किंवा एका दगडाने कलंडतो. मग चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

म्हणून यंत्र आणण्याआधी हिशोब करावा. गवंड्याकडे पाण्याची नळी असते. तिने प्लॉटच्या वरच्या आणि खालच्या टोकाचा फरक मोजावा. समजा, जागा २० फूट रुंद आणि ३० फूट लांब आहे आणि या ३० फुटांत जमीन ६ फूट उतरते. पुष्कळ जण म्हणतात, सगळी जागा खालच्या पातळीला आणू. तसे केले तर १८०० घनफूट, म्हणजे १८ ब्रास मुरूम काढावा लागतो आणि मागे ६ फुटांचा उभा कडा तयार होतो. त्याऐवजी वरचा अर्धा भाग कापून तोच मुरूम खालच्या अर्ध्या भागात भरला, तर काम ४५० घनफुटांवर, म्हणजे साडेचार ब्रासवर येते. मागचा कडा ३ फुटांचा राहतो आणि पुढचा भरावही ३ फुटांचाच. खर्च चौथाई आणि धोका निम्म्याहून कमी. तरीही हा साडेचार ब्रास मुरूम तेवीस टनांच्या आसपास भरतो. वीस किलोचे घमेले धरले तर हजाराहून जास्त घमेली झाली! ट्रॅक्टर का हवा, ते एवढ्यावरून कळते.

आता कामाचा क्रम. आधी पाणी, मग भिंत आणि शेवटी माती, हा क्रम उलटू देऊ नये. प्लॉटच्या वरच्या अंगाला एक चर खणून डोंगरावरून येणारे पाणी बाजूने काढून द्यावे. पण ते खालच्या शेजाऱ्याच्या ओट्यावर सोडू नये. गल्लीतली निम्मी भांडणे पाण्यावरूनच होतात. मग खालच्या टोकाला भराव धरून ठेवणारी दगडी भिंत घालावी. ३ फूट उंचीच्या भिंतीला तळाशी निदान दीड फूट रुंदी हवी आणि तिचा पाया घट्ट मुरमात बसायला हवा. भिंतीच्या मागे दगडगोटे व खडी भरावी आणि पाणी निघायला भोके ठेवावीत. भिंत मातीच्या वजनाने पडते त्याहून जास्त वेळा ती मागे कोंडलेल्या पाण्याने पडते. चार-पाच फुटांहून उंच भिंत लागणार असेल तर गवंड्याच्या अंदाजावर जाऊ नये. पंचायत समितीच्या किंवा नगरपालिकेच्या अभियंत्याला जागा दाखवावी.

मग ट्रॅक्टर. मुरूम कडक असेल तर आधी कल्टिव्हेटरने उकरावा, नंतर मागच्या लेव्हलरने ओढावा. ट्रॅक्टर उतारावर सरळ वर-खाली चालवावा, आडवा कधीही घालू नये. मागे लेव्हलरचे वजन असताना तोंड वर करून चढवला तर पुढची चाके उचलतात. म्हणून रिव्हर्समध्ये वर न्यावा आणि तोंड खाली करून, पहिल्या गिअरमध्ये, माती ओढत उतरावा. उतरताना क्लच दाबू नये की न्यूट्रल करू नये, गाडी इंजिनानेच धरलेली असावी. डाव्या-उजव्या चाकांचे दोन ब्रेक कडीने जोडून घ्यावेत. नाहीतर एकच चाक धरते आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. लेव्हलर जमिनीलगत ठेवावा. ताज्या भरावाच्या कडेपर्यंत चाक नेऊ नये. कड जेवढी खोल, तेवढे अंतर तरी सोडावे आणि शेवटची माती फावड्याने ओढावी. ३० फुटांत ६ फुटांपेक्षा उभा उतार असेल, तर लहान ट्रॅक्टर त्यावर चढवूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिथे टिकाव-फावडेच बरे.

चालक परवानाधारक आणि शुद्धीवरचा असावा. मडगार्डवर कोणीही बसू नये. काम चालू असताना लेकरांना शेजारच्या घरी पाठवावे. नवे यंत्र आले की मुले त्याच्या मागे धावतात आणि मागे येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चालकाला ती दिसत नाहीत. ही जबाबदारी एका मोठ्या माणसाने त्या दिवसापुरती अंगावर घ्यावी.

भराव एकदम ढकलून मोकळे होऊ नये. अर्ध्या फुटाचा थर पसरावा, पाणी शिंपडावे, धुम्मसाने ठोकावा, मगच दुसरा थर घ्यावा. भरावात काळी माती घालू नये. ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि भिंतींना तडे पाडते. घर शक्यतो वरच्या, कापलेल्या घट्ट जागेवर यावे आणि अंगण भरावावर. घराचा एखादा कोपरा भरावात येतच असेल तर तिथला पाया मूळ मुरमापर्यंत खाली न्यावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लोहारा-उमरगा भागाने जे पाहिले, ते विसरण्यासारखे नाही. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचे ओझे, यांखाली हजारो माणसे गाडली गेली. जमीन हलली की आधी पडते ते जड आणि सुटे बांधकाम. सैल भरावावर तसली भिंत उभी करू नये.

शेजाऱ्याचा विषयही याच हिशोबातला आहे. वरच्या घराच्या पायाला लागून आपला कडा कापला तर त्याची भिंत आपल्या अंगणात येते. जेवढा खोल काप, निदान तेवढे अंतर त्याच्या भिंतीपासून सोडावे आणि काम काढण्याआधी त्याला बोलावून जागा दाखवावी. महसूल खात्याचाही प्रश्न येतो. पायासाठी खोदलेली माती त्याच प्लॉटमध्ये भरावाला वापरली, तर केवळ तेवढ्यावरून स्वामित्वधन लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात २०१४ साली म्हटले. मुरूम प्लॉटबाहेर न्यायचा किंवा विकायचा असेल तर मात्र तहसीलची परवानगी हवी. काम सुरू करण्याआधी तलाठ्याला विचारून ठेवणे शहाणपणाचे.

एवढी काळजी कशाला, असे कोणी म्हणेल. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी डोंगराखाली गेले आणि १५१ माणसे गेली. पाऊस प्रचंड होता. पण उतारावर यंत्रे लावून शेतीसाठी केलेली सपाटी, हेही एक कारण म्हणून पुढे आले. २९ जून २०१९ रोजी पुण्याच्या कोंढव्यात एका सोसायटीची भिंत पावसात खाली कोसळली. खाली बांधकामाच्या खड्ड्यालगत पत्र्याच्या खोल्यांत मजुरांची कुटुंबे झोपली होती, त्यांतली १५ माणसे मेली. खाली झोपलेला माणूस नेहमी कोणत्या वर्गातला असतो, याचा विचार वाचकांनी करावा.

आपला जिल्हा कोरडा, इथे कसली दरड, ही समजूतही आता सोडावी. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंडा भागातली गावे पाण्यात गेली. जिथे पाऊस कमी, तिथे तो येतो तेव्हा एका रात्रीत येतो. म्हणून मातीचे काम उन्हाळ्यात काढावे आणि मृग लागण्याआधी भिंत, चर, भराव पुरा करावा. अर्धवट कापलेला उतार पावसाच्या हवाली करू नये.

बचत गटांना आमची एक सूचना आहे. ट्रॅक्टर आपला आहे, तर वस्तीतल्या घरकुलांची सपाटी एकाच उन्हाळ्यात, एकामागून एक आणि वरच्या घरापासून खाली अशी करावी. सगळ्यांचा चर एकच काढावा आणि तो नाल्यापर्यंत न्यावा. एकट्याने केलेली सपाटी शेजाऱ्याला बाधते. सगळ्यांनी मिळून केलेली सपाटी वस्तीला वाचवते. टेकाड आपल्या वाट्याला दुसऱ्यांनी दिले, पण त्यावर घर कसे उभे करायचे ते आपण ठरवायचे आहे. येत्या उन्हाळ्यात ज्यांची कामे निघणार आहेत, त्यांनी हा लेख घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवावा. जो ट्रॅक्टरवर बसणार आहे, त्याला तर आधी.