मेहकरच्या पुढे

वाचकहो, आपल्या घरची मोटारसायकल आजवर किती चालली, याचा हिशेब तुम्ही कधी केला आहे का? मी एकदा केला. सकाळी डेअरीवर दुधाची कॅन, मग शेताची चक्कर, आठवड्यातून दोनतीनदा मेहकर, कधी आईला दवाखान्यात न्यायचं, कधी टाकीवर युरियाची गोणी आडवी टाकून आणायची. सरासरी दिवसाला २० किलोमीटर धरा. दहा वर्षांचे झाले ७३,००० किलोमीटर. पृथ्वीचा घेर आहे ४०,००० किलोमीटर. म्हणजे हिवरा आश्रमच्या या शेतकऱ्यानं पृथ्वीला पावणेदोन फेऱ्या मारल्या, आणि तालुक्याची शीव काही ओलांडली नाही.

हा हिशेब मी केला तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होतो. या वयात माणसाला एक खूळ लागतं. तुमच्यापैकी अनेकांना लागलं असेल, पण बोललं कोणी नसेल. गाडीला किक मारली की वाटतं, आज डेअरीशी थांबूच नये. असंच पुढं जावं. कुठं, ते ठाऊक नसतं. घरच्यांचा राग असतो असंही नाही. पण पहाटेपासून रात्रीपर्यंत जे काही करायचं असतं ते कोणाचं तरी काम असतं, आपलं असं त्यात काही नसतं. पंचविशीत ही गोष्ट जाणवत नाही, कारण तेव्हा वाटतं, पुढं बघू. पन्नाशी जवळ आली की कळतं, पुढं म्हणजे हेच.

आमच्या लहानपणी गावात दुधाच्या कॅन लटकवलेली राजदूत यायची. १९७३ साली ‘बॉबी’ सिनेमात त्याच कंपनीची छोटी गाडी झळकली आणि तालुक्यातली तरणी पोरं खुळी झाली. त्याच सालच्या ऑक्टोबरात टेड सायमन नावाचा बेचाळीस वर्षांचा एक इंग्रज पत्रकार मोटारसायकलवर बसून जगाच्या प्रवासाला निघाला. चार वर्षांत त्यानं लाखभर किलोमीटर कापले, आपल्या देशातूनही तो गेला, आणि परतल्यावर त्यावर पुस्तक लिहिलं. आकडा ऐकून मी मनाशी म्हटलं, आपले दहा वर्षांत पाऊण लाख झालेच की! पण त्याच्या गाडीवर युरियाची गोणी नव्हती.

आता माझी गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. सोयाबीन निघालेलं, भाव असा की विकताना मान खाली जावी. तूर फुलावर, शेंगा पोखरणारी अळी दिसायला लागलेली. हरभऱ्याला पाणी द्यायला वीज रात्रीची, त्यामुळे सलग तीन रात्री झोप नाही. सकाळी हिनं डबा भरता भरता सांगितलं, “मेहकरले जाता तं तुरीचं औषध घेऊन या. आन् लवकर या, गाय लाथा मारते आताशी मले.” मी हो म्हणालो आणि निघालो.

मेहकरला दुकानासमोर गाडी लावली. आत गर्दी होती. उभ्या उभ्या काय झालं कोण जाणे, मी परत किक मारली आणि गाडी लोणारच्या रस्त्याला घातली. खिशातला फोन वाजला, तो बंद केला. हे मुद्दाम सांगतो, कारण चूक तिथं झाली.

वाटेत समृद्धी महामार्ग लागतो. नागपूरहून मुंबईकडे जाणारा ७०१ किलोमीटरचा रुंद रस्ता. काही वेळ गाडी उभी करून बघत राहिलो. गाड्या सणसण जात होत्या. आपल्या तालुक्यातून एवढा मोठा रस्ता गेला, पण दुचाकीला त्यावर मनाई! हसू आलं. एवढं धाडस करून निघालो तर तो रस्ता आपल्यासाठी नव्हताच. मग आपल्या जुन्याच रस्त्यानं लोणार गाठलं.

लोणार मी शाळेच्या सहलीत बघितलं होतं, त्यानंतर नाहीच. उल्का पडून झालेला तो पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा, त्यात खारं पाणी, आणि काठावर धारेचं गोडं पाणी अखंड पडतं. २०२० च्या जून महिन्यात तलावाचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा सगळ्या देशातून फोटो मागितले गेले, आणि आम्ही तासाभरात पोचणारे लोक बघायला गेलो नाही. धारेखाली अंघोळ केली. डबा खाल्ला. एका दगडाला टेकलो आणि झोपलो. तीन रात्रींची झोप होती ती. जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. घाई करायची सोडून मी अंधार पडेपर्यंत काठावरच बसलो. मोर ओरडत होते. माझ्याकडे कोणाचं काही काम नव्हतं. इतकं बरं मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं, हेही खरंच सांगायला पाहिजे.

घरी पोचलो तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. अंगणात पंधरा-वीस माणसं. चुलतभाऊ बॅटरी घेऊन विहिरीवरून येत होता. मला बघून कोणी काही बोललं नाही. आई भिंतीला टेकून बसली होती, तिनं फक्त डोळे मिटले. ही गोठ्यात होती. मी गेलो तर खुंटीवरचे दोर मोजून एका बाजूला ठेवलेले. दोर का मोजले ते मी विचारलं नाही.

“औषध आणाले गेलते तुमी,” ती एवढंच म्हणाली. “औषध आणाले गेले, आन् फोन बंद.”

बुलढाण्याच्या बाहेरचे वाचक असतील त्यांना हे वाक्य समजावून सांगावं लागेल, आपल्याकडच्यांना नाही. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात आपला जिल्हाही होता. तेव्हापासून काय, त्याआधीपासूनच, आपल्या घरातल्या बायका नवरा शेतातून उशिरा आला की आधी विहिरीकडे बघतात. शहरातला माणूस कंटाळून दिवसभर कुठं हुंदडून आला तर घरी भांडण होतं. आपल्याकडे गाव गोळा होतं. मी एक दिवस मोकळा झालो आणि तेवढ्या दिवसात हिनं मला मनात किती वेळा जाळलं असेल, त्याचा हिशेब मला अजून मांडवत नाही.

त्यानंतर बरेच दिवस मी विचार करत होतो. आमच्या गावाच्या नावातच आश्रम आहे. शुकदास महाराजांनी १९६५ साली तो उभा केला आणि त्याला विवेकानंदांचं नाव दिलं. विवेकानंद जयंतीला ट्रॅक्टरमधून पुरी आणि वांग्याची भाजी वाढली जाते आणि हजारोंची पंगत शेतात बसते, हे तुम्ही बघितलं असेल. कोराडी धरणाच्या पाण्यात विवेकानंदांचं स्मारक आहे, कन्याकुमारीची आठवण देणारं. मी त्या काठावर बसायला जातो. हे स्वामी तर पुरे भटके. देश पायाखाली घालत १८९२ च्या डिसेंबरात कन्याकुमारीला पोचलेले. संन्यासीच ते, त्यांना कोण विचारणार, असं आपण म्हणतो. पण वडील गेल्यावर घरची परवड झालेली त्यांनी पाहिली होती, आणि आईची काळजी त्यांना शेवटपर्यंत होती. खेतडीचे राजे अजितसिंह त्यांच्या घरी दरमहा १०० रुपये पाठवत. ज्यानं घर सोडलं त्याच्याही घरची चूल पेटते की नाही, हे बघणारं कोणीतरी होतं. मला तर नुसतं म्हशीचं दूध काढायला माणूस ठरवायचा होता, आणि निघताना एक वाक्य बोलायचं होतं.

म्हणून पुढच्या हंगामात तुरी झाल्यावर मी सांगून गेलो. दोन दिवस. सिंदखेडराजा बघितलं, तिथून जालन्याच्या अलीकडे एका ओळखीच्याकडे मुक्काम केला. फोन चालू. चुलतभावाचा मुलगा दूध काढायला. ही निरोप द्यायला दारात आली आणि म्हणाली, “जा. पन मी कवा जाऊ?”

या प्रश्नावर माझी मोटारसायकल बंद पडली म्हणा ना. पंचवीस वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी मेहकरपर्यंत तरी जात होतो. ती गाडीच्या मागच्या सीटवर बसली ती माहेरी, लग्नाला आणि दवाखान्यात जाताना. आपल्या आज्या-पणज्या पंढरीला जात, तेव्हा लोक त्याला भक्ती म्हणत, आणि ती होतीच. पण महिनाभर कोणाची भाकर थापायची नाही, हेही त्यात होतं, असं मला आता वाटतं.

आषाढात ती गेली. अर्ध्या तिकिटात एसटीनं सोलापूर गाठलं, तिथं शेगावच्या गजानन महाराजांची पालखी होती, तिच्याबरोबर मंगळवेढ्यावरून पायी पंढरपूर. एकूण अकरा दिवस घरी नव्हती. पेरणी झालेली होती, पाऊस बेताचा. आईचं पथ्यपाणी, गोठा, स्वयंपाक माझ्याकडे. भाकरी तिसऱ्या दिवशी गोल झाली. गाय मलाही लाथ मारते, हे पहिल्याच सकाळी कळलं. पाचव्या दिवशी तिचा फोन लागला नाही. संध्याकाळचे सात वाजले, आठ वाजले. आई दोनदा म्हणाली, “लागला का रे?” मी अंगणात नुसता फेऱ्या मारत होतो. नऊ वाजता दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून तिचा आवाज आला. बॅटरी उतरली होती, बस.

परत आली तेव्हा पाय सुजलेले, चेहरा उन्हानं रापलेला. काय बघितलं म्हणून विचारलं तर म्हणाली, “चंद्रभागेच्या वाळवंटात बसली होती सकाळभर. कोनी काई विचारलं नाई.” मग उठून गोठ्यात गेली. गायीच्या पाठीवर हात फिरवला आणि तिथूनच ओरडली, “अजी, हिचं दूध काहून आटलं?”