तिजोरीला दोन किल्ल्या असतात

मी सिनेमाच्या विरुद्ध नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात तसा समज पद्धतशीरपणे पसरवण्यात आलेला आहे. मारामारीचे सिनेमेही मला आवडतात. दिवसभर काउंटरवर बसून लोकांचं ऐकून घेणाऱ्या माणसाला, दुसरा कुणीतरी कुणाच्या तरी कानाखाली वाजवतो आहे, हे पाहून किती बरं वाटतं ते पासबुक भरून घ्यायला येणाऱ्यांना कळायचं नाही.

पण परवाच्या रविवारी मेहुण्याने जो सिनेमा दाखवला, त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही. माझी बाजू घरात कोणी ऐकून घेत नाही म्हणून ती इथे मांडतो.

सिनेमाचं नाव ‘लॉकआउट’. नाव ऐकून मी खूश झालो होतो. म्हटलं, टाळेबंदीवर चित्रपट! म्हणजे युनियन असेल, मालक असेल, वाटाघाटी फिसकटतील. पाच मिनिटांत भ्रमनिरास झाला. २०१२ सालचा हा चित्रपट. साल दाखवलंय २०७९. अमेरिकेने पृथ्वीभोवती फिरणारा एक तुरुंग बांधलाय. त्यात सुमारे ५०० महाभयंकर कैदी औषध देऊन झोपवून ठेवलेत. राष्ट्राध्यक्षांची मुलगी तिथे पाहणीला जाते. तिच्या अंगरक्षकाने चोरून नेलेलं पिस्तूल एक कैदी हिसकावतो, सगळ्या कैद्यांना जागं करायला लावतो, आणि मुलगी अडकते. तिला सोडवायला स्नो नावाच्या माणसाला वर पाठवतात. गाय पिअर्स हा चांगला नट ते काम करतो. स्नोवर हत्येचा खोटा आळ आलेला आहे आणि त्यालाही ३० वर्षं झोपेची शिक्षा झालेली आहे.

आता माझा पहिला आक्षेप, आणि तो निव्वळ धंद्यातला. आमच्या शाखेच्या तिजोरीला दोन किल्ल्या आहेत. एक कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे. दोघं एकत्र आल्याशिवाय साक्षात ब्रह्मदेव आला तरी ती उघडत नाही. कॅशियरच्या मुलाचं बारसं असलं तर किल्ली रीतसर सही घेऊन दुसऱ्याच्या ताब्यात जाते, नुसती टेबलावर राहत नाही. आणि इथे ५०० खुनी दरोडेखोरांची दारं एकच पोरगेला ऑपरेटर, कानशिलाला पिस्तूल लागल्याबरोबर, एकट्याने उघडून मोकळा! आमच्या ऑडिटरने हा तुरुंग पाहिला असता तर पहिल्याच पानावर लाल शेरा मारला असता.

“भावोजी,” मेहुणा म्हणाला, “लो बजेट सिनेमा आहे. थोडं सांभाळून घ्या.”

इथे माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. लो बजेट म्हणजे किती? २ कोटी डॉलर. त्या वर्षीच्या भावाने शंभर कोटी रुपयांच्या वर. पुढच्याच वर्षी, २०१३ साली, आपलं मंगळयान निघालं. त्याला सुमारे ४५० कोटी लागले, आणि ते खरोखर मंगळापर्यंत गेलं. यांनी त्याच्या पाव भागाच्या आसपास रक्कम खर्च केली आणि बेलग्रेडच्या पुढे कोणी सरकलं नाही. चित्रण सर्बियात झालं.

आणि गरिबीचं म्हणाल, तर १९८१ साली जॉन कार्पेंटर यांनी ‘एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क’ काढला होता तो सुमारे ६० लाख डॉलरमध्ये. त्यात अख्खं मॅनहॅटन बेट तुरुंग झालेलं आहे, राष्ट्राध्यक्ष त्यात पडतात, आणि त्यांना काढायला एका कैद्यालाच आत धाडतात, काम केलंस तर सुटका या बोलीवर. न्यूयॉर्क परवडेना, म्हणून त्यांनी सेंट लुईस शहरातल्या आगीत जळालेल्या वस्तीत रात्री-रात्री चित्रण उरकलं. पैसे कमी होते, डोकं शाबूत होतं.

ही गोष्ट ओळखीची वाटली ना? कार्पेंटर यांनाही वाटली. ‘लॉकआउट’च्या श्रेयनामावलीत मूळ कल्पना ल्युक बेसाँ यांची, असं छापलेलं आहे. प्रकरण पॅरिसच्या कोर्टात गेलं. २०१५ साली कोर्टाने ही उचलेगिरी असल्याचा निकाल देऊन ८० हजार युरो भरायला लावले. बेसाँ यांची कंपनी अपिलात गेली, तर २०१६ साली आकडा साडेचार लाख झाला! चेक वटला नाही म्हणून हुज्जत घालायला यावं आणि जुनी थकबाकी निघावी, तशातली गत. तेव्हा हात आखडता होता म्हणून मी सोडून देणार नाही. दुसऱ्याची कल्पना घ्यायला यांना पैसे कमी पडले नव्हते.

“बरं बाबा, पण सिनेमा बघताना डोकं बाहेर चपलांजवळ ठेवायचं असतं,” मेहुणा म्हणाला. हा त्याचा दुसरा मुद्दा. आमच्या हीने मान डोलावली. माहेरचा माणूस बोलला की तिची मान आपोआप डोलते.

माझं म्हणणं, मी ठेवलं होतं हो डोकं बाहेर. त्यांनीच ते आत बोलावलं. शेवटी हिरो आणि हिरॉइन अंतराळातले पोशाख घालून तुरुंगातून उडी मारतात, पॅराशूट उघडतात आणि भर रस्त्यात उतरतात. आता कक्षेत फिरणारी वस्तू म्हणजे चाळीची गच्ची नव्हे. चारशे किलोमीटर उंचीवरचं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने पळतं, दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालतं. तिथून उडी मारली तर माणूस खाली पडतच नाही. त्याच वेगाने स्थानकाच्या बाजूबाजूने फिरत राहतो. खाली यायचं तर आधी तो वेग मोडायला हवा, आणि तो हवेत मोडताना जी आग होते तिच्यासाठी यानांना खास कवच लावावं लागतं. ज्या वर्षी हा सिनेमा आला त्याच वर्षी फेलिक्स बाउमगार्टनर याने ३९ किलोमीटर उंचीवरून उडी मारली होती. ती बलूनमधून, म्हणजे जवळजवळ उभ्या जागेवरून. तेवढ्यासाठीसुद्धा त्याने वर्षानुवर्षं तयारी केली.

त्यावर कडी म्हणजे २०७९ साली हा तुरुंग जाऊन आदळतो कशावर, तर त्याच आंतरराष्ट्रीय स्थानकावर! आज २०३० नंतर ते समुद्रात उतरवायचं ठरलेलं आहे. त्यासाठी लागणाऱ्या यानाचं काम नासाने २०२४ साली देऊनही टाकलंय. आमच्या शाखेतला पंखा मी नोकरीला लागलो तेव्हापासून बदललेला नाही, हे खरं. पण सगळं जग आमच्या शाखेसारखं चालत नाही.

पण इथवर सगळा थट्टेचा मामला होता. भांडण झालं ते तिसऱ्या मुद्द्यावर.

सिनेमा संपल्यावर मेहुणा बडीशेप तोंडात टाकून म्हणाला, “काही म्हणा, कल्पना मात्र फर्स्टक्लास आहे. आपल्याकडेही असंच पाहिजे. सगळ्यांना द्यायचं वर पाठवून. कटकट गेली.”

ही कल्पना नवी आहे असं त्याला वाटतं, हीच गंमत. इंग्रजांनी १७७६ पासून जुन्या जहाजांत कैदी कोंबायला सुरुवात केली. जहाजं भरली, तेव्हा १७८८ पासून ऑस्ट्रेलियाला पाठवायला लागले. १८६८ पर्यंत सुमारे १ लाख ६२ हजार माणसं तिकडे टाकून आले. त्यातली कितीतरी चिल्लर चोऱ्यांसाठी. पुढे त्या टाकाऊ मालाच्या देशाने २००३ आणि २०२३ साली विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आपलं काय केलं ते मेहुण्याला तोंडपाठ आहे. आणि १८५८ पासून आपल्या माणसांसाठी अंदमान. काळं पाणी हा शब्द मराठी माणसाला कोणी समजावून सांगायला नको. तिथल्या सेल्युलर जेलच्या सुमारे ७०० कोठड्या अशा बांधल्या की एकाला दुसऱ्याचं तोंड दिसू नये. दूर नेण्यामागचा हेतू कैदी पळू नये एवढाच नसतो. आत काय चाललंय ते आपल्याला दिसू नये, हाही असतो.

आणि गंमत अशी की हे त्या सिनेमालाच ठाऊक आहे. राष्ट्राध्यक्षांची मुलगी वर जाते ती सहलीला नव्हे. झोपवलेल्या कैद्यांवर कंपनी गुपचूप प्रयोग करते आहे, अशी तक्रार असते. तक्रार खरी असल्याचा पुरावाही समोर येतो: हिरोचा जुना साथीदार त्या झोपेने भ्रमिष्ट झालेला आहे, धड बोलू शकत नाही. चांगला प्रश्न काढला होता! पण तेवढ्यात गोळीबार सुरू होतो, आणि प्रश्न गेला बासनात. हा माझा खरा राग आहे. शाखेला आग लागली म्हणून ग्राहकाची तक्रार निकालात काढल्यासारखं झालं हे.

हे कपोलकल्पितही नाही. अमेरिकेतच, फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात, १९५१ ते १९७४ अशी तेवीस वर्षं अल्बर्ट क्लिगमन नावाच्या त्वचारोगतज्ज्ञांनी कैद्यांच्या अंगावर मलमांपासून विषारी डायॉक्सिनपर्यंत वाट्टेल त्या गोष्टी लावून पाहिल्या. बदल्यात थोडे डॉलर मिळायचे. अनेक कैद्यांचा खटलाही अजून चाललेला नव्हता. जामिनाला पैसे नाहीत म्हणून ते आत होते. ज्या विद्यापीठात क्लिगमन शिकवत, त्याच्या वैद्यकीय शाखेने २०२१ साली माफी मागितली, शहराने २०२२ साली. हा तुरुंग अंतराळात नव्हता. गावातच होता, लोक रोज त्याच्या भिंतीवरून ये-जा करत होते. तरी ही तऱ्हा. चारशे किलोमीटर वर काय होईल?

“पण ते गुन्हेगार ना, भावोजी?” मेहुणा म्हणाला.

म्हटलं, आपल्याकडचा हिशेब ऐक. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती. त्यातली ४ लाख ३४ हजार कच्च्या कैदेतली, म्हणजे चारातल्या तिघांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा होता. यांना वर पाठवायचं? आणि खर्च? आजच्या स्वस्तातल्या रॉकेटने किलोमागे अडीच-तीन हजार डॉलर पडतात. सत्तर किलोचा माणूस झाला दोन लाख डॉलरचा. ५०० माणसांचे १० कोटी डॉलर, नुसतं जायचं भाडं. निर्दोष ठरला तर परतीचं तिकीट कोण काढणार?

“आरोप झाला म्हणजे काहीतरी असणारच,” मेहुणा म्हणाला.

यावर मी गप्प झालो. आमची हीसुद्धा गप्प झाली, आणि या वेळी तिने मान डोलावली नाही. कारण तिला २००८ साल आठवत होतं.

त्या साली एका शनिवारी माझ्या कॅशमध्ये दहा हजार कमी आले. सहा वाजले, नोटा चार वेळा मोजल्या, जुळेनात. साहेबांनी केबिनमध्ये बसवलं. कोणी काही बोललं नाही, पण रोज माझ्याशी क्रिकेटवर बोलणारा शिपाई चहा ठेवून खाली मान घालून निघून गेला. घरी फोन केला, हीने नुसतं विचारलं, “जेवायला थांबू का?” नऊ वाजता शेजारच्या काउंटरच्या बंडलांत माझं बंडल सापडलं. सगळे हसले, पाठ थोपटली. पण ते तीन तास मी कुठे होतो ते मला माहीत आहे.

आम्ही पाच पैशांचा फरक असला तरी शाखा सोडत नाही. त्या सिनेमात शेवटी तो सगळा तुरुंग ५०० माणसांसकट उडवून देतात, आणि कोणी एकदाही मोजत नाही. खाली दोघं पोचतात. खातं बंद!

मी मेहुण्याला एवढंच विचारलं, “मला त्या दिवशी सहा वाजता वर पाठवलं असतं, तर नऊ वाजता आणायला कोण आलं असतं? तो गाय पिअर्स? तो राष्ट्राध्यक्षांच्या मुलीसाठी गेला होता रे. माझे सासरे रेल्वेतून रिटायर झाले.”

मेहुण्याने यावर काही उत्तर दिलं नाही. बडीशेपेची वाटी पुढे केली. पण येत्या रविवारी तो पुन्हा येणार आहे, आणि ऐकतो की या खेपेला सिनेमा बँक-दरोड्यावरचा आहे. मी तयारीत आहे.