टाळ्या, शिट्ट्या आणि पावतीपुस्तक

गावी, जळकोटला, अभ्यासिकेसाठी पैसे जमवायचे ठरलं आणि आम्ही पुण्यात नोकरी करणाऱ्या मित्रांनी थेट ऑर्केस्ट्राच बोलावला. सॉलिड गर्दी! पोरं बेभान नाचली. रात्री एकला हिशेब केला, तर स्टेज, साउंड आणि मानधन जाऊन उरलं जेमतेम एका कपाटापुरतं. नाचाच्या नादात पावतीपुस्तक पिशवीतच राहिलं होतं!

‘लेकरांनो, लागूंची ‘लग्नाची बेडी’ आठवा,’ एका काकांनी सुनावलं. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले अशा दिग्गजांनी अत्र्यांच्या या नाटकाचे प्रयोग केले ते सामाजिक कृतज्ञता निधीसाठी. निधीच्या व्याजातून सामाजिक कार्यकर्त्यांना दरमहा मानधन. म्हणजे प्रेक्षकाला नाटकही मिळालं आणि आपला पैसा कुठे जाणार, तेही पक्कं ठाऊक. आनंदवनाच्या ‘स्वरानंदवन’चा फंडा तर आणखी भारी. तिथे कुष्ठमुक्त आणि दिव्यांग कलाकारच गातात, वाजवतात. ज्यांच्यासाठी निधी, तेच स्टेजवर. मग लांबलचक भाषण हवंच कशाला?

यंदा आमचा प्लॅन साधा. स्टेज-साउंडचा खर्च उचलणारा आधी गाठायचा. गाणार गावातलीच मुलं. मध्यंतराआधी, घरात जागा नाही म्हणून ओट्यावर अभ्यास करणारी एक मुलगी दोन मिनिटं बोलेल. लगेच पावतीपुस्तकं फिरतील.

तुमच्या ऑफिसातला गिटारवाला वीकेंडला मोकळा आहे का? जेवण आमच्याकडे. मानधन मात्र नाही हं!