बुरशीचा ठपका भाडेकरूवर नको

आपल्यापैकी अनेकांनी जर्मनीत आधी काही वर्षं भाड्याच्या घरात काढली, मग कर्ज काढून एखादा फ्लॅट घेतला आणि तो भाड्यानं दिला. मीही त्यातलाच. गेल्या जानेवारीत भाडेकरूनं फोटो पाठवला: झोपायच्या खोलीत, बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात काळे ठिपके. मी लगेच उत्तर दिलं, "खिडक्या उघडत जा." पाठवल्यावर आठवलं, आम्ही भाडेकरू असताना हेच ऐकलं होतं. वर आमच्या कुकरवरही ठपका आला होता!

आधी विज्ञान पाहू. २० अंश तापमान आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या एक घनमीटर हवेत साधारण ८.६ ग्रॅम बाष्प असतं. ही हवा थंड भिंतीजवळ गार झाली की बाष्प तेवढंच राहतं, पण सापेक्ष आर्द्रता वाढते. भिंत १२.६ अंशांवर असेल तर तिथे ती ८० टक्क्यांवर जाते आणि बुरशीला तेवढं पुरतं. पाण्याचे थेंब दिसायला भिंत सुमारे ९ अंशांपर्यंत उतरावी लागते. बुरशी तोवर थांबत नाही. म्हणूनच डीआयएन ४१०८-२ हे जर्मन मानक बाहेर उणे ५ आणि आत २० अंश धरून भिंतीच्या कोपऱ्यासाठी १२.६ अंशांची किमान मर्यादा ठेवतं.

खिडक्या उघडण्याचा सल्ला चुकीचा नाही. शून्य अंशाच्या धुकट हवेतही घनमीटरमागे जेमतेम ५ ग्रॅम बाष्प असतं. ती आत येऊन २० अंशांना तापली की तिची आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली येते. म्हणून दिवसातून तीन-चार वेळा पाच मिनिटं खिडक्या सताड उघडाव्यात. दिवसभर तिरकी ठेवलेली खिडकी मात्र कडेची भिंत गार करत राहते.

पण हवा बदलणं भाडेकरूच्या हातात असलं, तरी भिंत किती गार पडते हे नाही. जुन्या विटांच्या भिंतीला घट्ट नव्या खिडक्या बसवल्या की फटींतून आपोआप होणारी हवेची ये-जा थांबते. एक तृतीयांशाहून जास्त खिडक्या बदलल्या, तर डीआयएन १९४६-६ नुसार वायुवीजनाचा आराखडा करावा लागतो. ते काम घरमालकाचं.

कायदा काही वेळा आपल्या बाजूनं असतो. बांधकामाच्या वेळचे नियम पाळलेले असतील, तर जुन्या घराच्या भिंतीतून उष्णता निसटणं हा भाड्याच्या घरातला दोष ठरत नाही, असं जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं डिसेंबर २०१८ मध्ये ठरवलं. पण निकालानं कोपरा गरम होत नाही, आणि त्या खोलीत कुणाचं तरी मूल झोपत असतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: थंडीआधी भाडेकरूला सूचनांचा कागद देण्याऐवजी आर्द्रतामापक द्या. पहिल्या कडक थंडीच्या सकाळी, त्यांची वेळ घेऊन, इन्फ्रारेड थर्मामीटरनं कोपरे मोजा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून थोडं पुढे ओढायला मदत करा. न्हाणीघराचा पंखा खरंच हवा ओढतो का, तेही पाहा. आर्द्रता सतत ६० टक्क्यांवर असेल तर सवयींबद्दल जरूर बोला. ती ५० च्या आसपास असूनही कोपरा काळा पडत असेल, तर खर्च आपला.

प्रयोगशाळेत आपण मोजल्याशिवाय निष्कर्ष काढत नाही. घरमालक झाल्यावर ती सवय का सोडायची?