तंजावरचे रुमाल आणि सर्व्हरची स्मृती

1 फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' मोहिमेची घोषणा झाली. तिचे उद्दिष्ट 1 कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी आणि जतन हे आहे, आणि जोडीला राष्ट्रीय डिजिटल भांडारही उभे राहायचे आहे. घोषणेचे स्वागत पुष्कळ झाले. पण त्या भांडाराच्या पोटात डेटाबेस कसा रचला जाणार, या रूक्ष प्रश्नाकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. माझ्या मते मोहिमेचे यशापयश बऱ्याच अंशी तिथेच ठरेल.

थोडा हिशेब मांडू. एका पोथीची सरासरी 100 पाने धरली, तर 1 कोटी पोथ्यांची 100 कोटी पाने होतात. छायाचित्रे वेगळी ठेवून दर पानाची नोंद केवळ 300 बाइटची धरली, तरी तो एक तक्ता 300 गिगाबाइटचा होतो. अशा वेळी पहिला सल्ला ठरलेला असतो : तक्त्याचे पार्टिशन करा. संग्रहालयागणिक एक विभाग, किंवा भाषा-लिपीनुसार. हजारो तुकडे झाले तरी बिघडत नाही, असा समज. मला हा समज घातक वाटतो.

पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये प्रश्न आला की प्लॅनर आधी कोणते विभाग उघडावे लागतील ते ठरवतो. विभागणीचा निकष प्रश्नातच असेल, तर बाकीचे विभाग तो बाजूला सारतो. निकष नसेल, तर प्रत्येक विभागाची रचना, त्याचे इंडेक्स, त्याची आकडेवारी त्याला मेमरीत आणावी लागते. आणि ही माहिती प्रत्येक जोडणी स्वतःपुरती वेगळी बाळगते. केवळ हिशेबासाठी एका विभागामागे 50 किलोबाइट धरा. 5,000 विभाग आणि 100 वाचक एकाच वेळी आले, की अजून एकही पान शोधलेले नसताना 25 गिगाबाइट संपले. त्यावर क्रमवारी आणि जोडणीच्या कामांची मेमरी वेगळी. अखेर लिनक्स कर्नल सर्वांत लठ्ठ प्रक्रिया निवडून ठार करतो, आणि तिच्या पाठोपाठ सारा डेटाबेस पुन्हा उभा करावा लागतो.

आता तंजावरला चला. सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, मराठी, तेलुगू पोथ्या आहेत; एकट्या संस्कृतच्याच लिपी ग्रंथ, तेलुगू, देवनागरी अशा अनेक. दुसऱ्या सरफोजी राजांना नेत्रचिकित्सेत रस होता आणि त्यांच्या काळच्या नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी तिथे जपल्या आहेत. एखादी विद्यार्थिनी विचारेल, 'नेत्ररोगावर जे जे काही असेल ते दाखवा.' या प्रश्नात ना भाषा, ना लिपी, ना संग्रह. भाषेवर विभागलेल्या डेटाबेसला हा प्रश्न म्हणजे दप्तरखान्यातला प्रत्येक रुमाल सोडण्याचा हुकूमच.

तंजावरला हे कोडे दीडशे वर्षांपूर्वी सुटले होते, असे म्हटले तर ती निव्वळ अभिमानाची भाषा ठरू नये. आर्थर बर्नेल या न्यायाधीशाने राजवाड्यातील संस्कृत पोथ्यांची विषयवार सूची 1880 मध्ये प्रसिद्ध केली. पोथी कपाटात कुठेही असो, वाचक आधी सूचीत विषय पाहतो, क्रमांक घेतो, मग एकच पोथी मागतो. हेच डेटाबेसमध्ये करता येते. पोथ्यांचा तक्ता अवघा 1 कोटी ओळींचा. तो अखंड ठेवावा, विषय, कर्ता, भाषा, लिपी यांचे इंडेक्स त्यावर असावेत. पानांचा तक्ता मात्र पोथी-क्रमांकाच्या हॅशवर 64 भागांत विभागावा. प्रत्येकात सुमारे दीड कोटी ओळी. पोथी-क्रमांक हाती असल्याने पानांसाठी बहुधा एकच भाग उघडतो.

पार्टिशन वाईट नव्हे. वाचकांच्या भेटींची नोंदवही महिन्यागणिक विभागावी, कारण जुने महिने पुढे एका आज्ञेत काढून टाकता येतात. पोथीचे पान कोणी कधी काढून टाकणार आहे का?

आणखी एक खड्डा स्थलांतराच्या दिवशीचा. परकीय किल्ली आधीच लावलेल्या नव्या तक्त्यात 100 कोटी ओळी एकाच आज्ञेने ओतल्या, तर प्रत्येक ओळीच्या तपासणीची आठवण डेटाबेस आज्ञा संपेपर्यंत मेमरीतल्या रांगेत धरून बसतो. ही रांगच सर्व्हरला बुडवू शकते. म्हणून ओळी लहान हप्त्यांत हलवाव्यात आणि परकीय किल्ली शेवटी लावावी. काम कंटाळवाणे आहे, आणि घाईच्या उद्‌घाटनांना नेमके हेच परवडत नाही.

माझी मागणी साधी आहे. भांडाराची रचना पक्की करण्यापूर्वी तंजावर, पुणे, वाराणसी येथील अभ्यासक प्रत्यक्षात कोणते प्रश्न घेऊन येतात ते गोळा करावेत, शंभर जोडण्यांवरून एकाच वेळी चालवावेत, आणि मेमरीचा आलेख निविदेबरोबर प्रसिद्ध करावा.