अहिराणी गाण्यासाठी सॉफ्टवेअर कोणते?

जळगाव, प्रतिनिधी

‘हाई झुमकावाली पोर’ हे अहिराणी गीत यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिले गेले आणि खान्देशी गाण्याला खान्देशाबाहेर श्रोता नाही, हा समज मोडीत निघाला. एकेकाळी कॅसेट आणि नंतर सीडीच्या आधारे जत्रा-बाजारांत फिरणारे हे गाणे आता घरच्या संगणकावर तयार होऊ शकते. त्यामुळे जळगाव-धुळ्याच्या नवोदित संगीतकारापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो सॉफ्टवेअरचा. उत्तर बहुधा मित्राच्या पेनड्राइव्हमधून येते आणि गफलत होते ती येथेच.

काम कोणते, हे आधी ठरवा

या सॉफ्टवेअरची मुख्य कामे दोन. पहिले ध्वनिमुद्रणाचे. मायक्रोफोनसमोरचा गळा अथवा ढोलकी जशीच्या तशी टिपणे. दुसरे सिक्वेन्सिंगचे. कोणता सूर, कोणता ठोका, कधी आणि किती जोरात वाजवायचा, याच्या सूचना क्रमाने मांडणे. या सूचनांची ‘मिडी’ ही सामायिक भाषा १९८३ मध्ये ठरली व आजही चालते. मिडीच्या फाइलमध्ये प्रत्यक्ष आवाज नसतो, तो संगणकातील तयार नमुन्यांतून येतो.

हा फरक ध्यानात घेतला की निवड सोपी होते. केवळ गळा टिपायचा व कापाकापी शिकायची असेल, तर २००० पासून मोफत उपलब्ध असलेले ‘ऑडॅसिटी’ पुरेसे आहे. मात्र त्यात वाद्यमेळ रचता येत नाही. ‘एलएमएमएस’ हेही मोफत. त्यात ठेका व सूर उत्तम रचता येतात, पण गाणे थेट मुद्रित करण्याची सोय त्याच्या प्रचलित आवृत्तीत नाही. ‘गॅरेजबँड’ नवशिक्यास सोपे, परंतु ते केवळ अ‍ॅपलच्या यंत्रांवर चालते. ठेके रचण्यासाठी ‘एफएल स्टुडिओ’ लोकप्रिय आहे. त्याच्या सर्वांत स्वस्त आवृत्तीत आवाजाचे ध्वनिमुद्रण होत नाही आणि चाचणी आवृत्तीत जतन केलेले काम पुन्हा उघडत नाही, या दोन गोष्टी खरेदीपूर्वी जाणून घ्याव्यात.

दोन्ही कामे एकत्र हवी असल्यास ‘रीपर’ विचारात घेण्याजोगे आहे. ते ६० दिवस पूर्ण क्षमतेने वापरून पाहता येते व लहान व्यावसायिकास ६० डॉलरमध्ये परवाना मिळतो. त्यात तयार वाद्ये जवळजवळ नाहीत. खान्देशापुरती ही उणीव फारशी जाचक नाही.

संबळ विकत मिळत नाही

याचे कारण असे की सॉफ्टवेअरसोबत येणारे नमुने मुख्यतः पाश्चात्त्य ड्रम व गिटारचे असतात. कानबाईच्या जागरणातील गाणी, आखाजीची गाणी, संबळ, साक्री-सातपुडा पट्ट्यातील पावरी यांचा नाद त्या पेटाऱ्यात सापडत नाही. बहुतेक कार्यक्रम उघडताच चार ठोक्यांचे माप समोर ठेवतात. केहरवा त्यात बसतो. दादऱ्यासाठी माप मुद्दाम बदलावे लागते. जात्यावरची ओवी तर मापाची चौकट बंद करूनच मुद्रित करावी लागते. एका सुराकडून दुसऱ्याकडे ओढत नेण्याची गळ्याची लकब मिडीच्या बारा सुरांत सहजी उतरत नाही.

तयार ठेक्यावर चाल बसवत गेल्यास प्रत्येक गाणे सारखे वाजू लागते व भाषा तेवढी अहिराणी उरते. बहिणाबाईंच्या या प्रदेशाला हा तोटा परवडणारा नाही. म्हणून नवशिक्याने पहिला खर्च महागड्या नमुन्यांवर न करता बरा मायक्रोफोन व ऑडिओ इंटरफेस यांवर करावा आणि गावातील वादकास समोर बसवावे.

फुकटाची किंमत

चोरीच्या प्रतीचा मोह मोठा असतो. त्यातून व्हायरस येतो व ऐन लग्नसराईत काम अडते, हा झाला व्यवहार. कायदाही कडक आहे. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार चोरीचे सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरल्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद व ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. वापर कमाईसाठी नसल्यास न्यायालय सौम्य भूमिका घेऊ शकते. गाणे विकणाऱ्यास ती सवलत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने याच कायद्यात गीतकार-संगीतकारांच्या मानधनाचा हक्क बळकट केला आहे. स्वतः तो हक्क मागणाऱ्याने दुसऱ्याचा हक्क बुडवावा, हे शोभत नाही.

अधिकृत सॉफ्टवेअरही कायम टिकेलच असे नाही. ‘केकवॉक’चा विकास गिब्सन कंपनीने २०१७ मध्ये थांबवला. २०१८ मध्ये नव्या मालकाने ते मोफत दिले आणि २०२३ मध्ये त्याची जागा दुसरे उत्पादन घेणार, असे जाहीर केले. म्हणून गाणे पूर्ण होताच प्रत्येक वाद्य व गळा स्वतंत्र ‘वेव्ह’ फाइलमध्ये काढून दोन ठिकाणी जपावा. साध्या सीडी दर्जाच्या एका मोनो ट्रॅकला मिनिटाला सुमारे पाच एमबी जागा लागते, म्हणजे खर्च नगण्य. आज टिपलेला वृद्ध गायिकेचा आवाज वीस वर्षांनी उघडता आला, तरच सॉफ्टवेअरची निवड योग्य होती असे म्हणता येईल.